हवाई दूरसंवेदन आणि माळरान : बारामती-इंदापूर परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. वार्षिक पर्जन्यमान पाचशे मिलिमीटरच्या आगेमागे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेला नीरा डावा कालवा आणि 1980 मध्ये पूर्ण झालेले भीमेवरील उजनी धरण यांमुळे येथील काही पट्टा बागायती झाला. उरलेला बराच भाग मात्र मुरमाड माळाचाच राहिला. सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्य, शिर्सुफळ आणि कडबनवाडी ही या माळरानाची परिचित नावे होत. चिंकारा, लांडगा, खोकड, तरस आणि माळपक्षी यांचा हा अधिवास असून धनगर समाजाच्या मेंढपाळीचाही तो आधार आहे.

वनांचे सर्वेक्षण व व्यवस्थापन यांसाठी विमान, उपग्रह आणि आता ड्रोन यांचा उपयोग करावा, याविषयी आज दुमत नाही. असे असता या साधनांनी घेतलेल्या चित्रात हे माळरान नेमके कशाच्या रूपात दिसते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाची चिकित्सा केली आहे.

लाकडाचा हिशेब

हवाई वनसर्वेक्षणाचा इतिहास पाहिल्यास त्याच्या मूळ हेतूविषयी संशय राहत नाही. 1924 मध्ये तत्कालीन ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग असलेल्या ब्रह्मदेशात, इरावतीच्या त्रिभुज प्रदेशातील वनांचे विमानातून छायाचित्रण झाले. दलदलीत पायी फिरणे अशक्य होते आणि इमारती लाकडाचा अंदाज तर हवा होता, ही त्यामागील साधी गरज. स्वातंत्र्योत्तर काळात 1965 मध्ये आंतरराष्ट्रीय साहाय्याने वनसंपत्तीचे गुंतवणूकपूर्व सर्वेक्षण सुरू झाले. त्यातही हवाई छायाचित्रांच्या आधारे लाकडाचा साठा मोजणे आणि लाकडावर आधारित उद्योगांना कच्चा माल कोठे व किती मिळेल हे ठरविणे, हाच उद्देश होता. याच योजनेचे 1981 मध्ये भारतीय वन सर्वेक्षण या संस्थेत रूपांतर झाले.

पुढे छायाचित्राची जागा उपग्रहप्रतिमेने घेतली. राष्ट्रीय दूरसंवेदन संस्थेने 1972-75 आणि 1980-82 या दोन कालखंडांतील प्रतिमांची तुलना करून देशाचे वनाच्छादन झपाट्याने घटल्याचे दाखविले, तेव्हा या साधनाचे सामर्थ्य सर्वांच्या लक्षात आले. 1987 पासून वनस्थिती अहवाल साधारणतः दर दोन वर्षांनी प्रसिद्ध होऊ लागले. या कार्याचे मोल कोणीही नाकारणार नाही. परंतु साधन बदलले तरी साधनाला विचारलेला प्रश्न बदलला नाही : झाडे किती? 

दहा टक्क्यांची व्याख्या

वनस्थिती अहवालातील व्याख्येनुसार एक हेक्टर किंवा त्याहून अधिक क्षेत्रावर वृक्षछत्राची घनता दहा टक्क्यांहून अधिक असेल, तर ते क्षेत्र वनाच्छादित समजले जाते. जमिनीची मालकी कोणाची, तिचा कायदेशीर दर्जा कोणता, झाड कोणत्या जातीचे, हे पाहिले जात नाही. फळबागाही या व्याख्येत बसतात. घनता सत्तर टक्क्यांपेक्षा जास्त असल्यास अतिघन, चाळीस ते सत्तर असल्यास मध्यम घन, दहा ते चाळीस असल्यास विरळ आणि दहापेक्षा कमी असल्यास झुडपी क्षेत्र, अशी ही उतरंड आहे.

ही उतरंड बारामती-इंदापूरला लावून पाहावी. कुसळी, मारवेल, शेडा, पवन्या यांसारखी गवते आणि अधूनमधून एखादा हिवर किंवा बोर असलेला निरोगी माळ या मापाने तळाच्या पायरीवर जातो. त्याच माळावर चर खोदून गिरिपुष्पाची रोपे दाटीने लावली, किंवा वेडी बाभूळ आपोआप माजली, तर काही वर्षांत छत्राची घनता दहा टक्के ओलांडते आणि तो तुकडा ‘वन’ ठरतो. चिंकाऱ्याच्या दृष्टीने अधिवास नष्ट झालेला असतो, अहवालाच्या दृष्टीने वनवृद्धी झालेली असते. व्याख्या प्रामाणिकपणे लावल्यास निघणारा हा निष्कर्ष आहे. त्यास मोजणीतील चूक म्हणता येत नाही, आणि म्हणूनच तो अधिक चिंताजनक ठरतो.

दुसरा दस्तऐवज म्हणजे ग्रामीण विकास मंत्रालय व राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्र यांनी वेळोवेळी प्रसिद्ध केलेला पडीक जमिनींचा नकाशासंग्रह. झुडपे असलेली जमीन, अवनत गायरान अशा वर्गांखाली अर्धशुष्क माळाची मोठी क्षेत्रे त्यात येतात. ‘पडीक’ हा शब्द महसुली आहे. ज्यापासून शेतसारा नाही ते पडीक, हा त्याचा जुना अर्थ उपग्रहाच्या वर्गवारीत जसाच्या तसा उतरला. पडीक म्हटले की तेथे काहीतरी ‘करणे’ प्राप्त होते. महाराष्ट्रात 2016 ते 2019 या काळात अनुक्रमे दोन, चार, तेरा व तेहतीस कोटी वृक्षलागवडीची उद्दिष्टे घोषित झाली. एवढ्या रोपांना जागा हवी होती, आणि नकाशावर मोकळी दिसणारी जागा माळाचीच होती.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. हे माळ म्हणजे मुळात तोडलेले जंगलच, तेव्हा तेथे झाडे लावणे म्हणजे पूर्वस्थिती आणणे होय, असे अनेक अभ्यासकही मानतात. या समजाला अलीकडे महत्त्वाचे उत्तर मिळाले आहे, आणि ते आकाशातून न येता मराठी वाङ्मयातून आले. आशिष नेर्लेकर व दिग्विजय पाटील यांनी 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात पश्चिम महाराष्ट्रातील जुन्या कथा, ओव्या, आख्याने यांतील वनस्पतींचे उल्लेख तपासले. त्यांतील बहुसंख्य वनस्पती दाट जंगलातील नसून मोकळ्या, उन्हाच्या माळरानातील असल्याचे त्यांना आढळले. म्हणजे येथील माळ कित्येक शतके माळच आहे. दूरसंवेदनाची स्मृती 1972 च्या मागे जात नाही आणि हवाई छायाचित्रांची त्याहून थोडीच मागे जाते. अशा वेळी भाषा व वाङ्मय यांच्या प्राध्यापकाला वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाइतकेच सांगण्यासारखे असते.

लायडारचा अंधबिंदू

विमानातून किंवा ड्रोनमधून लेसर किरण सोडून त्यांच्या परावर्तनावरून भूपृष्ठाचे त्रिमित चित्र तयार करणारे लायडार तंत्र आज सर्वाधिक चर्चेत आहे. केंद्र शासनाने जुलै 2020 मध्ये सव्वीस राज्यांतील 2,61,897 हेक्टर वनक्षेत्राच्या लायडार सर्वेक्षणाचे काम वॅपकॉस या सार्वजनिक उपक्रमाकडे सोपविले, आणि जून 2021 मध्ये महाराष्ट्रासह दहा राज्यांचे अहवाल प्रसिद्ध झाले. वनक्षेत्रात पाणी व चारा वाढवावा, जेणेकरून वन्यप्राणी वस्तीकडे येणार नाहीत, हे त्याचे उद्दिष्ट. चारा हा शब्द वनविषयक हवाई सर्वेक्षणाच्या उद्दिष्टात यावा, ही गोष्ट स्वागतार्हच आहे.

परंतु तंत्राची घडण लक्षात घेतली पाहिजे. लायडारचा एक किरण झाडाच्या शेंड्यावरून, पानांमधून आणि अखेरीस जमिनीवरून परततो. पहिल्या व शेवटच्या परावर्तनातील अंतरावरून झाडाची उंची निघते. जमिनीचा उतार हवा असेल, तर वनस्पतींचे बिंदू गाळून केवळ भूपृष्ठ ठेवले जाते. आता गुडघाभर उंचीच्या, विरळ झुबक्यांच्या गवताचा विचार करावा. हवाई लायडारच्या उंचीमापनातच दहा-पंधरा सेंटिमीटरची त्रुटी गृहीत धरावी लागते. त्यामुळे गवताचा शेंडा आणि मुरूम यांतील भेद पुष्कळदा त्या त्रुटीतच विरून जातो. गाळणीत गवत जमिनीला चिकटून राहते आणि ‘जमीन’ म्हणून नोंदले जाते. ज्या सर्वेक्षणातून चाऱ्याची योजना करावयाची, त्याला चाराच नीट दिसत नाही. त्याला ओघळ मात्र उत्तम दिसतात. साहजिकच शिफारशींमध्ये बंधारे, चर, तळी यांना प्राधान्य मिळते. माळावरील सलग समतल चरांनी मातीचा थर उलथला की तेथे बहुवार्षिक गवते सहज परतत नाहीत, हा धोका उंचीच्या आकड्यांत उमटत नाही.

ऋतूचा प्रश्नही असाच. वनाच्छादनासाठी उपग्रहप्रतिमा मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील घेतात, कारण आकाश निरभ्र असते आणि पानझडी वृक्षांवर पाने असतात. माळावरचे गवत तोपर्यंत पिवळे पडू लागलेले असते. श्रावण-भाद्रपदात ते हिरवे असते तेव्हा ढग आड येतात. येथे ड्रोनची उपयुक्तता खरी आहे : तो ढगांच्या खालून उडतो आणि शंभर मीटर उंचीवरून दोन-तीन सेंटिमीटरचा तपशील टिपतो. वनस्थिती अहवालासाठी वापरलेल्या साडेतेवीस मीटरच्या चित्रबिंदूत एक हेक्टर म्हणजे जेमतेम अठरा ठिपके. त्यात मारवेलीचा पट्टा आणि उघडा मुरूम यांची सरमिसळ होणे अटळ आहे.

कोणाकडे पाहायचे

बारामती हे कृषितंत्रज्ञानाचे केंद्र आहे. माळेगाव येथे 2009 मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे, आणि कृषी विकास प्रतिष्ठानच्या प्रकल्पात उसाच्या पिकाचे निरीक्षण उपग्रह, संवेदक व कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्या साहाय्याने होत आहे. भारतातील दूरसंवेदनाचा प्रारंभही 1970 च्या सुमारास केरळातील माडांवरील रोग हेलिकॉप्टरमधून टिपण्याच्या प्रयोगाने झाला होता, हे येथे आठवते. पिकाकडे पाहण्याची ही परंपरा समृद्ध आहे. गावठाणाकडे पाहण्याचीही सोय झाली : 2020 च्या स्वामित्व योजनेत ड्रोनने घराघराची हद्द आखली. पण ते मोजमाप गावठाणाच्या सीमेशी थांबते. ऊस आणि घर यांच्या मधला माळ तसाच राहतो.

माळाकडे ड्रोन वळतो तो बहुधा राखणीसाठी वळेल, ही भीतीही निराधार नाही. कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातील एका अभ्यासाने 2024 मध्ये दाखविले की, वन्यजीवांसाठी लावलेले कॅमेरे व ड्रोन सरपण-गवत आणणाऱ्या स्त्रियांवर पाळत ठेवण्यासाठी वापरले गेले. सुपे किंवा कडबनवाडीच्या माळावर मेंढरे घेऊन फिरणाऱ्या कुटुंबाच्या डोक्यावर हेच यंत्र घिरट्या घालू लागले, तर ते कोणाचे ‘व्यवस्थापन’ करीत आहे, हे विचारावेच लागेल. वस्तुतः कोणत्या खोऱ्यात कोणते गवत कधी निसवते आणि लांडग्याची वाट कोठून जाते, याची सर्वांत दाट माहिती याच कुटुंबांकडे आहे. हवाई प्रतिमेची जमिनीवर पडताळणी करण्यास त्यांच्याइतके योग्य सहकारी मिळणे कठीण.

मयूरेश्वर अभयारण्याचे क्षेत्र अवघे 5.14 चौरस किलोमीटर आहे. चिंकारा आणि लांडगा त्या हद्दीत मावत नाहीत. ते गायरान, वनविभागाचे विखुरलेले तुकडे आणि खाजगी पड यांवरून वावरतात. मधुसूदन व वनक यांनी उपग्रहप्रतिमांवरून केलेल्या मापनानुसार देशातील अर्धशुष्क खुल्या नैसर्गिक परिसंस्था सुमारे तीन लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भूभागाच्या जवळपास दहा टक्के आहेत, आणि त्यांतील पाच टक्क्यांहूनही कमी क्षेत्र संरक्षित आहे. तेच उपग्रह, तशाच प्रतिमा. फक्त वर्ग नव्याने बांधले, आणि जे पडीक होते ते परिसंस्था म्हणून दिसू लागले. 2024 मध्ये शिर्सुफळ व कडबनवाडी येथे वनविभागाने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली, त्यावरून ही दृष्टी शासनालाही अपरिचित नाही असे दिसते. सफारीच्या वाटांवर भाद्रपदात एकदा आणि चैत्रात एकदा ड्रोनचे उड्डाण करून, चौकटी टाकून गवताच्या जाती मोजून, दोन्ही नोंदी शेजारी ठेवण्याचे काम बारामती-इंदापुरातील महाविद्यालयांच्या भूगोल व वनस्पतिशास्त्र विभागांच्या आवाक्यातले आहे. त्यासाठी वनविभागाची अनुमती लागेल, आणि बारामतीच्या विमानतळामुळे त्याच्या आसपासच्या क्षेत्रात उड्डाणाचे वेगळे निर्बंधही पाळावे लागतील. पण आगामी वनस्थिती अहवालात या माळावरचा एखादा तुकडा ‘विरळ वन’ झाला असे छापून आले, तर तेथे काय वाढले आणि काय गेले, हे सांगू शकेल अशी दुसरी नोंद तूर्त या साध्या उड्डाणांवाचून मिळणार नाही.