अर्धपुतळ्यातला माणूस

लंडन शहरी, थेम्स नदीच्या काठी, १४ नोव्हेंबर २०१५ रोजी बसवेश्वरांच्या अर्धपुतळ्याचे अनावरण पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. त्यामागची खटपट लॅम्बेथचे माजी महापौर डॉ. नीरज पाटील यांची, आणि ते मूळचे कलबुर्गीकडचे. ज्या कल्याण नगरीत बसवेश्वरांनी बिज्जलाचे मंत्रिपद सांभाळले, त्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याणात तर त्यांची १०८ फुटांची मूर्ती उभी आहे. सीमाभागाला याचा अभिमान वाटावा हे योग्यच. पण या अभिमानाच्या भरात एक प्रश्न विचारायचा राहून जातो, तो आम्ही येथे विचारतो. हा चेहरा कोणाचा?

बाराव्या शतकातील पुरुषाचे मुखसादृश्य आजच्या शिल्पकाराने आणावे कोठून? तो रूढ चित्रांचा आधार घेतो. किरीट, मिशी, कंठातले अलंकार झाले की लोकांना ओळख पटते. किरीट मनातल्या मनात उतरवून पाहावा. उरतो तो नाटकातल्या कोणत्याही राजाचा चेहरा. स्थावरापेक्षा जंगमाला थोर मानणारा, अनुभवमंटपात सर्व थरांतल्या स्त्रीपुरुषांशी वाद-संवाद करणारा माणूस त्यात कोठे आहे? सादृश्य नसेल तेथे शिल्पकाराला स्वभाव तरी कल्पिता आला पाहिजे, असे आमचे म्हणणे आहे.

याच मुलुखातील आमच्या पूर्वजांनी ही अडचण वेगळ्या रीतीने सोडविली होती. गाणगापुरी नृसिंहसरस्वतींच्या निर्गुण पादुका आहेत. भाविक लहानशा गवाक्षातून त्यांचे दर्शन घेतो. हुमनाबादजवळ माणिकनगरास माणिकप्रभूंची १८६५ सालची समाधी आहे. नतमस्तक होण्यासाठी भाविकाला मुखसादृश्याची गरज भासली नाही. शुक्रनीतीने तर मर्त्याची प्रतिमा कितीही सुबक असली तरी तिला श्रेयस्कर मानलेले नाही. तरीही तिरुमलेच्या देवळात कृष्णदेवराय आपल्या दोन राण्यांसह धातुरूपाने उभा आहेच. मात्र तो हात जोडून उभा आहे. देवळात माणसाच्या प्रतिमेला जागा मिळाली ती भक्ताची, आणि हा भेद आम्हांस फार मोलाचा वाटतो.

छायाचित्र आले आणि सारेच बदलले. बाळाजी वसंत तालीम यांनी शिर्डीची साईबाबांची संगमरवरी मूर्ती छायाचित्राच्या आधारे घडविली व १९५४ साली ती समाधिमंदिरात बसली. ती पूजेची मूर्ती खरी, पण तिचे मुख तालमानाने आखलेले देवाचे मुख नव्हे. ते एका वृद्ध फकिराचे मुख आहे. व्यक्तिशिल्पाच्या शिक्षणात मुरलेल्या हातानेच हे साधावे. रघुनाथ कृष्ण फडके यांचा चौपाटीवरचा लोकमान्यांचा पुतळा १९३३ चा. पगडी-उपरणे आहेच, परंतु लोकमान्यांना डोळ्यांनी पाहिलेली पिढी तेव्हा मुंबईत हयात होती. तिच्यासमोर पुतळा उभा करायचा म्हणजे रोजची परीक्षाच.

हल्ली बरेच अर्धपुतळे मागणीनुसार होतात. समिती एक छायाचित्र धाडते, बहुधा समोरून घेतलेले. त्यावरून मातीचा नमुना होतो. समिती येऊन ‘नाक थोडे सरळ करा, वय थोडे कमी करा’ असे सुचविते. मग साचा आणि ओतकाम. छायाचित्रात डोक्याचा मागचा भाग नसतो, मानेचा कल नसतो, कानामागची खळगी नसते. हे सारे शिल्पकाराने माणसाच्या अभ्यासातून भरायचे असते, आणि त्यासाठी लागणारा अवधी समिती देत नाही, कारण अनावरणाची तिथी आधीच ठरलेली असते. दोष एकट्या कारागिराच्या माथी मारणे आम्हांस अन्यायाचे वाटते. वय कमी करविणारी समिती त्या माणसाचे निम्मे आयुष्यच पुसून टाकते. सुरकुती हीच तर अशा शिल्पाची खरी सामग्री!

आमच्या पाहण्यातील एका देवस्थानाच्या सभामंडपात एका दिवंगत दात्याचा ब्राँझचा अर्धपुतळा आहे. गृहस्थ उदार होते, पुतळ्याला नित्य ताजा हार पडतो. पण तो बसविला आहे गर्भगृहाकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून, जणू दर्शन द्यावयास. आम्ही एकदा बाजूने वळसा घालून पाहिले, तर कान नुसता चिकटविल्यासारखा आणि मागचे डोके सपाट. देवाला मात्र रोज तीच बाजू दिसते.