संकासुराचा काळा वेष आणि ‘गॉथ’ वेषपद्धतीचा उगम

रत्नागिरी जिल्ह्यातील नमन-खेळ्यांत संकासुराचे सोंग येते. अंगभर काळा वेष, चेहरा झाकणारी उंच काळी टोपी, पांढरी दाढी आणि कमरेला घुंगरांचा पट्टा, असे त्याचे रूप असते. १९८१ साली या जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्ग भागात, दशावतारी खेळात, वेद चोरणारा हाच असुर बोलीभाषेत थट्टामस्करी करतो आणि अखेरीस विष्णूच्या हातून मारला जातो. भय आणि विनोद एकाच काळ्या वेषात नांदू शकतात, हे कोकणच्या प्रेक्षकाला समजावून द्यावे लागत नाही. इंग्लंडमधील तरुणांत रूढ झालेल्या ‘गॉथ’ नामक काळ्या वेषपद्धतीकडे पाहताना ही ओळख उपयोगी पडते.

गॉथ म्हणजे ‘पंक’ वेषाचीच काळी आवृत्ती, असे मत पुष्कळदा मांडले जाते. ते अर्धेच खरे आहे. पंकचा वेष १९७५-७६ च्या सुमारास लंडनमध्ये आकारास आला. फाडलेले सदरे, त्यांना टोचलेल्या सेफ्टी पिना, कुत्र्याच्या गळ्यातील पट्टे ही त्याची सामग्री होती. किंग्ज रोडवरील व्हिव्हिएन वेस्टवुड व माल्कम मॅक्लारेन यांच्या दुकानात हे दारिद्र्य चांगल्या किमतीस विकले जात असे, हा त्यातील विनोद नजरेआड करू नये! तथापि या वेषाचा रोख स्पष्ट होता. तो समोरच्या समाजाला, आजच्या घडीला, दिलेली शिवी होता.

गॉथने यातील बरीचशी सामग्री उचलली. १९७६ साली पंकच्या मेळ्यात प्रथम रंगमंचावर आलेली गायिका सूझी सू हिने डोळ्यांभोवती दाट काजळरेषा ओढून जो चेहरा घडविला, तोच पुढे असंख्य मुलींनी उचलला. ‘द डॅम्ड’ या पंक वाद्यवृंदाचा गायक डेव्ह व्हॅनियन रक्तपिपासू पिशाचाच्या वेषात गात असे. १९७९ मध्ये ‘बाउहाउस’ वाद्यवृंदाने आपले पहिले गीत बेला लुगोसीच्या नावावर रचले. लुगोसी हा १९३१ च्या चित्रपटातील ड्रॅक्युला. जुलै १९८२ मध्ये लंडनच्या सोहो भागात ‘बॅटकेव्ह’ हे नृत्यगृह उघडले आणि विखुरलेल्या वेषास एक ठिकाण लाभले. फाटके जाळीदार मोजे तेथेही होते. पण त्यांच्या शेजारी लेस, मखमल आणि क्रूस आले. जे फाटके ते आता जीर्ण भासू लागले. वस्तू तीच राहिली आणि तिचा काळ बदलला, हेच या स्थित्यंतराचे मर्म होय.

हा भूतकाळ मुख्यत्वे व्हिक्टोरियाकालीन शोकाचा आहे. १८६१ मध्ये पती वारल्यावर राणीने १९०१ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, काळा वेष सोडला नाही. तिच्या अनुकरणाने व्हिटबी या मासेमारी बंदरातील ‘जेट’ नामक काळ्या दगडाच्या दागिन्यांचा धंदा भरभराटीस आला. १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीतील काही प्रसंग याच गावी घडतात, आणि १९९४ पासून गॉथ मंडळींचे मेळे तेथेच भरू लागले. गॉथच्या वेषात शोकाची सर्व चिन्हे आहेत. मृत मात्र कोणी नाही. त्यास केवळ नाटकीपणा म्हणून हिणवणाऱ्या टीकाकारांनी, पंकची शिवी इतक्या थोड्या वर्षांत विलापाच्या रूपात का मुरली, याचा विचार केलेला दिसत नाही.

संकासुराशी असलेले साम्य मात्र येथे संपते. त्याच्या भयंकरपणास गावाने शिमग्याचे दिवस नेमून दिले आहेत. खेळ आटोपला की टोपी उतरते आणि आतला गावकरी आपल्या कामास लागतो. गॉथ हा वेष बाजारात, शाळेत, रस्त्यावर वर्षभर वागवतो. त्यास सोंगाचे संरक्षण नाही. ऑगस्ट २००७ मध्ये लँकाशायरमधील बेकप येथे एका विशीतील तरुणीस व तिच्या मित्रास केवळ अशा वेषावरून बेदम मारहाण झाली, आणि त्यात त्या तरुणीचा अंत झाला. २०१३ पासून मँचेस्टर परिसराच्या पोलिसांनी वेगळ्या वेषपंथांच्या लोकांवरील हल्ल्यांची नोंद द्वेषमूलक गुन्हे म्हणून करण्यास प्रारंभ केला.