अर्ध्या वचनाचा अनर्थ

संगणकाची आज्ञावली लिहितांना वेगाचा अकालीं हव्यास धरूं नये, हा डोनाल्ड कनूथ यांच्या १९७४ सालच्या निबंधांतील इशारा आतां सर्वतोमुखी झाला आहे. तो रास्तच आहे. १९७१ सालीं फोर्ट्रान भाषेंतील आज्ञावल्या तपासतां त्यांना आढळलें कीं, चालण्याचा निम्म्याहून अधिक वेळ सामान्यतः आज्ञावलीच्या ४ टक्क्यांहून लहान भागांतच जातो. हा भाग मोजून न काढतां सर्वत्र वेगासाठीं खटपट करणारा लेखक आज्ञावली दुर्बोध करतो, तींतील दोष झांकतो आणि वेग मात्र मिळवीत नाहीं. परंतु मोक्याच्या ३ टक्के जागीं हयगय करूं नये, असेंही त्याच निबंधांत बजावलें आहे. हा उत्तरार्ध गाळणाऱ्यांनीं विवेकाच्या वचनास आळसाचें समर्थन बनविलें आहे, असें आम्हांस वाटतें. निबंध समग्र वाचल्यास हा गैरसमज टिकणार नाहीं.