समस्या, पूर्ती आणि लेखनावरोध : कुंभकोणम येथील एका प्रश्नाच्या संदर्भात

लेखकाला लिहावयाचे असते, लिहिण्याची पात्रताही असते, तरी लेखन पुढे सरकत नाही. या अवस्थेला 1947 मध्ये एडमंड बर्गलर या मनोविश्लेषकाने स्वतंत्र संज्ञा दिली, असे मानले जाते. मराठीत तिला लेखनावरोध म्हणता येईल. अवरोध दूर करण्यासाठी अवचित हाती आलेल्या शब्दावर लिहावे, हा उपाय आज सर्वपरिचित आहे. जान्नी रोदारी यांनी 1973 मधील आपल्या ग्रंथात परस्परांशी संबंध नसलेले दोन शब्द जोडून कथा रचण्याची रीत सांगितली; 1975 मध्ये ब्रायन ईनो आणि पीटर श्मिट यांनी कलावंतांसाठी सूचनापत्त्यांचा संच प्रसिद्ध केला. अशी सूचना लेखकाला नेमके काय देते आणि काय देऊ शकत नाही, हा येथील विवेच्य प्रश्न आहे.

भारतीय काव्यव्यवहारात परक्याने दिलेल्या सूचनेवर रचना करण्याची प्रथा जुनी आहे. कामसूत्रातील चौसष्ट कलांच्या यादीत काव्यसमस्यापूरणाचा समावेश आहे. अवधानाच्या सभेत पृच्छक कवीला एखादा विक्षिप्त चरण देतो, विशिष्ट शब्द योजण्याची अट घालतो, किंवा पुढचे अक्षर निषिद्ध ठरवतो. तमिळ परंपरेतही पद्याचा अखेरचा चरण आधी देऊन उरलेले पद्य रचावयास सांगत. सूचना विचित्र असली तरी कवी निराधार नसतो. वृत्त ठरलेले असते, संकेतांचा साठा पाठ असतो आणि उत्तराची वाट पाहणारी सभा समोर बसलेली असते. ‘काय लिहू?’ हा प्रश्न तेथे उरतच नाही. ‘येथवर कसे पोचू?’ एवढाच उरतो.

मोरोपंतांचे (1729–1794) निरोष्ठ रामायण हा याहून वेगळा प्रकार होय. ओष्ठ्य वर्ण टाळण्याचे बंधन तेथे कवीने स्वतःच पत्करले आहे. त्यामागे पृच्छक नाही, सभेची घाईही नाही. कथा मात्र ठरलेली आणि प्रिय आहे. आधुनिक मराठी समीक्षेने स्फूर्तीला प्रमाण मानल्यावर समस्यापूर्ती आणि असे बंधयुक्त काव्य ही दोन्ही कसरत म्हणून एकाच कप्प्यात टाकली गेली. वस्तुतः एकात बाहेरून येणारा प्रश्न महत्त्वाचा असतो, तर दुसऱ्यात आतून स्वीकारलेला नियम. चिठ्ठीतून निघालेल्या शब्दात यांपैकी काहीच नसते. तो कोणी विचारलेला नसतो आणि लेखकाने निवडलेलाही नसतो.

या भेदाचे महत्त्व कुंभकोणम येथील एका प्रसंगातून स्पष्ट होते. 1676 पासून 1799 पर्यंत तंजावरच्या भोसल्यांची सत्ता ज्या प्रदेशावर होती, त्यातील हे नगर. शहाजीराजांच्या ‘पंचभाषाविलास’ नाटकात मराठी, तमिळ, तेलुगू, संस्कृत आणि हिंदी या पाच भाषा एकत्र नांदतात, ते याच परिसराच्या बहुभाषिक संस्कृतीचे फळ. येथील सरकारी महाविद्यालयात 1880 मध्ये उ. वे. स्वामिनाथ अय्यर (1855–1942) तमिळचे अध्यापक झाले. महाविद्वान मीनाक्षिसुंदरम पिळ्ळै यांचे ते शिष्य. पद्यरचनेचे शिक्षण त्यांना परंपरेने मिळाले होते. रचना अडण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कुंभकोणमला मुन्सफ म्हणून आलेले सेलम रामस्वामी मुदलियार यांच्याशी त्यांची भेट झाली. काय काय वाचले आहे, असे मुदलियारांनी विचारले. स्वामिनाथ अय्यरांनी पुराणे, अंतादी, पिळ्ळैत्तमिळ आदी ग्रंथांची लांबलचक यादी सांगितली. मुदलियारांवर तिचा परिणाम झाला नाही. जीवकचिंतामणि, शिलप्पदिकारम, मणिमेखलै हे ग्रंथ वाचले आहेत काय, असा त्यांचा पुढचा प्रश्न होता. ते वाचलेले नव्हते. पुढे मुदलियारांनीच जीवकचिंतामणीची प्रत मिळवून दिली. हे जैन काव्य असल्याने अनेक स्थळे अडली, ती कुंभकोणममधील जैन कुटुंबांकडे जाऊन समजून घ्यावी लागली. पाठांची तुलना करून सिद्ध केलेली आवृत्ती 1887 मध्ये निघाली. प्राचीन तमिळ वाङ्मयाच्या पुनरुद्धाराचा तो एक निर्णायक टप्पा ठरला.

दिलेल्या विषयावर पद्य रचण्याचे सामर्थ्य ज्याच्याजवळ होते, त्याला जीवितकार्य मात्र त्या सामर्थ्यातून सापडले नाही, ही गोष्ट येथे लक्षणीय आहे. सहज वाहणारी लेखणीही एका अर्थाने अवरुद्ध असू शकते, कारण तिला आपल्या अज्ञाताची सीमा दिसत नाही. ती सीमा मुदलियारांच्या प्रश्नाने दाखविली. प्रश्न ऐकणाऱ्याला अनपेक्षित होता. विचारणाऱ्याच्या दृष्टीने तो हेतुपूर्ण होता. प्रश्नानंतरची सात वर्षे मात्र परिश्रमाचीच होती.

यावरून यादृच्छिक सूचनेची मर्यादा निश्चित करता येते. कोऱ्या कागदाचे भय घालविणे, सवयीची वाट मोडणे, पहिले वाक्य मिळवून देणे एवढे कार्य ती निश्चित करते आणि लेखनशाळेत त्याचे मोल कमी नाही. परंतु सूचनेला उत्तराची अपेक्षा करणारा कोणी नसेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा नवी चिठ्ठी उचलावी लागते. समस्यापूर्तीचा पुनर्विचार करताना चरणाच्या विचित्रपणापेक्षा पृच्छकाच्या उपस्थितीकडे अधिक लक्ष दिले पाहिजे. लेखकाला अनपेक्षित सूचना हवी असते, हे खरे. ती अहेतुक असून चालत नाही.