अक्षर कोणाचे, मोजदाद कोणाची?

संगणकीय माध्यमांनी लिहिणाऱ्याच्या संदेशावर लांबीची मर्यादा घालावी काय, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन टोकांवरून होते. एका बाजूस ही मर्यादा म्हणजे अभिव्यक्तीचा संकोच मानला जातो. दुसऱ्या बाजूस अल्पाक्षरत्व हा परंपरेने गौरविलेला गुण असल्यामुळे तिचे स्वागत होते. दोन्ही भूमिकांनी मोजमापाचे एकक मात्र निर्विवाद मानलेले आहे. मराठीपुरते तरी हे गृहीतक तपासून पाहणे अगत्याचे वाटते.

मोजून लिहिणे मराठीला नवे नाही. मोठ्या अभंगाच्या कडव्यात सहा, सहा, सहा व चार अशी बावीस अक्षरे येतात. ओवी अक्षरसंख्येबाबत सैल असली तरी यमकाने बांधलेली असते. माधवराव पटवर्धनांनी ‘छंदोरचने’त छंद, वृत्त आणि जाती असा भेद केला, तो मुळात काय मोजावयाचे यावरूनच. पद्याबाहेरही हीच दृष्टी होती. हस्तलिखित पोथीचा विस्तार बत्तीस अक्षरांचा एक ‘ग्रंथ’ धरून मोजला जाई. मग ती पोथी गद्य का असेना. म्हणजे व्यवहारातले मापसुद्धा उच्चारातून, अनुष्टुभातून आले होते. येथे अक्षर याचा अर्थ एका स्वराच्या आधाराने उच्चारला जाणारा समूह. ‘स्त्री’ हे एक अक्षर आहे.

यंत्राच्या लेखी ते सहा आहेत: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. आपण ‘कॅरेक्टर’चे भाषांतर ‘अक्षर’ असे केले आणि ‘अक्षरमर्यादा’ हा शब्द रूढ केला, तेथेच घोटाळ्यास आरंभ झाला.

या मापाचा इतिहास बोधप्रद आहे. भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशाची लांबी ठरविण्यात वाटा असलेल्या फ्रीडहेल्म हिलब्रांट यांनी १९८५ मध्ये बॉन येथे टाइपरायटरवर काही वाक्ये व प्रश्न टंकून त्यांतील अक्षरे मोजली. बहुतेक मजकूर १६० च्या आत बसतो, असा निष्कर्ष निघाला. १४० बाइटांच्या जागेत रोमन लिपीची १६० चिन्हे मावतात. युनिकोडमधील देवनागरीची मात्र ७० च. ७१ वे चिन्ह आले की संदेश दुभंगतो आणि आकारणी दोन संदेशांची होते. एका टाइपरायटरवरची काही वाक्ये अशा रीतीने मराठी वाक्याचे दरपत्रक ठरली.

आमच्या शहराचेच उदाहरण घेऊ. २०२३ मध्ये अधिकृत झालेले ‘छत्रपती संभाजीनगर’ हे नाव उच्चारात दहा अक्षरांचे, यंत्राच्या मोजणीत सतरा चिन्हांचे आहे. रोमन लिपीत त्यास पंचवीस चिन्हे लागतात. देवनागरी येथे काटकसरी ठरते, कारण अंतर्भूत ‘अ’ला वेगळे चिन्ह नसते, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही सत्तरांपैकी सतरा म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा, आणि एकशे साठांपैकी पंचवीस म्हणजे सहाव्या हिश्शाहूनही कमी. लिपी काटकसरी असूनही लिहिणारा तोट्यातच राहतो.

परिणाम वर्गात दिसतो. रोमन लिपीतून मराठी लिहिण्याची सवय जडण्यास कळफलक आणि जुन्या भ्रमणध्वनींतील देवनागरीचा अभाव ही कारणे होतीच; या दरपत्रकाने तिला आर्थिक समर्थन पुरविले. काल, काळ, कळ, कल हे चारही शब्द त्या लिपीत पुष्कळदा तीन चिन्हांच्या एकाच रूपात लिहिले जातात. माझे पदव्युत्तर विद्यार्थी संदर्भाने अर्थ लावतात. परंतु उत्तरपत्रिकेत ‘ळ’ आणि ‘ण’ डळमळू लागले की ते केवळ शुद्धलेखनाचे दौर्बल्य आहे असे म्हणवत नाही.

आता अल्पाक्षरत्वाच्या समर्थकांकडे वळू. त्यांनी सूत्रवाङ्मयाचा दाखला द्यावा, आणि तो मराठवाड्यात शोधण्यास दूर जावे लागत नाही. म्हाइंभटाच्या ‘लीळाचरित्रा’त दोन-तीन वाक्यांची लीळा आहे आणि प्रदीर्घही आहे, तेथे लांबी प्रसंग ठरवितो. चक्रधरांची वचने पुढे केसोबासांनी ‘सूत्रपाठा’त स्वतंत्र मांडली. परंतु प्रसंगातून सुटलेले वचन एकटे उभे राहीना, म्हणून ते कोठे, कोणास, कशावरून म्हटले गेले हे सांगणारे ‘प्रकरणवश’ महानुभाव परंपरेस निर्माण करावे लागले. सूत्राची लघुता अशी एका मोठ्या स्मरणव्यवस्थेच्या बळावर टिकलेली असते. अनोळखी वाचकांपुढे टाकलेल्या संदेशास हे प्रकरणवश कोण पुरविणार? तेव्हा सक्तीने आलेल्या आखूडपणास सूत्राचे नाव देणे म्हणजे कापलेल्या झाडास बोन्साय म्हणणे होय.

यावरून मर्यादाच नसावी असे मी म्हणत नाही. नियतकालिकाचे संपादन करणारा कोणीही वाचकांच्या पत्रांवर शब्दमर्यादा घालतो, आणि एकाच्या वाचाळतेपासून इतरांची जागा राखणे हे संपादकाचे कामच आहे. (शब्द हे एकक मराठीस सोयीचेही आहे, ‘घरातून’ हा आपला एकच शब्द.) मात्र लघुसंदेशाची मर्यादा बाइटांच्या खऱ्या टंचाईतून आली होती. संकेतस्थळाची मर्यादा बहुतांशी निवड असते, आणि निवड केली की तिचे समर्थनही द्यावे लागते. ट्विटरने १४० ची मर्यादा लघुसंदेशावरूनच घेतली, २०१७ मध्ये ती २८० केली, आणि २०२३ मध्ये, ज्या वर्षी त्याचे नाव ‘एक्स’ झाले, पैसे भरणाऱ्यांसाठी ती कितीतरी पटींनी वाढविली. अल्पाक्षरत्वाचे सौंदर्यशास्त्र वर्गणीपाशी संपले.

यंत्रास अक्षर कळत नाही, ही सबबही आता टिकत नाही. आई, वडील, मुलगी व मुलगा दाखविणारे कुटुंबाचे भावचित्र सात संकेतांकांनी बनते. ट्विटरने २०१८ पासून प्रत्येक भावचित्र, त्याची घडण कितीही गुंतागुंतीची असो, दोनच चिन्हांचे धरले. म्हणजे जोडलेले चित्र एकसंध मानता येते. देवनागरीची जोडाक्षरे एकसंध धरण्याचा नियमही युनिकोडच्या २०२३ च्या आवृत्तीत समाविष्ट झाला आहे. आपल्या लेखी एक असलेल्या ‘स्त्री’चे सहा धरणारी मोजणी बदलण्यास आता तांत्रिक अडचण उरलेली नाही. मर्यादा घालणाऱ्या मराठी संकेतस्थळांनी, निदान साहित्यविषयक संकेतस्थळांनी, तरी आपण काय मोजतो हे एकदा पाहावे.