वेगाचा मार्ग आणि शाश्वततेचा दावा : मुंबई–अहमदाबाद अतिवेगवान रेल्वेप्रकल्पाची पर्यावरणीय चिकित्सा

प्रास्ताविक

विकासविषयक लेखनात 'शाश्वत' हे विशेषण ज्या सैलपणे वापरले जाते, तितक्या सैलपणे दुसरे एखादे विशेषण क्वचितच वापरले जात असेल. 1987 साली ब्रुंटलँड आयोगाने ही संकल्पना मांडली, तेव्हा तिच्यात मर्यादेची जाणीव अनुस्यूत होती. पुढील पिढ्यांच्या गरजांना बाध न आणता आजच्या गरजा भागवायच्या, म्हणजे काही गोष्टी करायच्या नाहीत, हे तिच्यात गृहीत होते. प्रकल्प-अहवालांच्या भाषेत उतरताना नेमका हा निषेधाचा अंश गळून पडला. मुंबई–अहमदाबाद अतिवेगवान रेल्वे, जिला सामान्य व्यवहारात 'बुलेट ट्रेन' म्हटले जाते, हा या स्थित्यंतराचा ठळक नमुना होय. तिच्या पर्यावरणीय दाव्याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

14 सप्टेंबर 2017 रोजी अहमदाबाद येथे भारत व जपान या देशांच्या पंतप्रधानांच्या हस्ते प्रकल्पाची पायाभरणी झाली. मार्गाची लांबी सुमारे 508 किलोमीटर असून त्यापैकी सुमारे 156 किलोमीटर महाराष्ट्रात आहेत. स्थानके 12, नियोजित कमाल वेग ताशी 320 किलोमीटर, मूळ अंदाजित खर्च सुमारे 1 लाख 8 हजार कोटी रुपये. त्यातील सुमारे 81 टक्के रक्कम जपान आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्थेकडून, म्हणजे 'जायका'कडून, 0.1 टक्का व्याजाने 50 वर्षांच्या मुदतीच्या कर्जरूपाने यावयाची होती. कर्जाच्या अटींचा पर्यावरणाशी काय संबंध, असे कोणी विचारील. तो संबंध पुढे स्पष्ट होईल.

कार्बनचा हिशेब

प्रकल्पाच्या समर्थनार्थ केला जाणारा मुख्य युक्तिवाद असा की, विजेवर धावणारी गाडी विमान व मोटार यांच्या तुलनेत दर प्रवाशामागे कमी कार्बन उत्सर्जित करते. हा युक्तिवाद तत्त्वतः खरा आहे; परंतु अपुरा आहे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 160 किलोमीटर वेगाची गाडी 320 वर नेली, की हवेच्या रोधापुरती ऊर्जेची गरज दर किलोमीटरमागे सुमारे चौपट होते. गाडीच्या आकारात सुधारणा करून हा भार कमी करता येतो, नाहीसा करता येत नाही. शिवाय ही वीज येते कोठून? भारतातील वीजनिर्मितीत कोळशाचा वाटा अद्याप निम्म्याहून बराच अधिक आहे.

याहून महत्त्वाचा प्रश्न तुलनेचा आहे. नवा प्रवासी विमानातून आला, तर लाभ मोठा. तोच प्रवासी आधीच विजेवर धावणाऱ्या साध्या रेल्वेतून आला, तर पर्यावरणाच्या दृष्टीने तोटाच. मार्गाचा फार मोठा भाग खांबांवर उभारलेला आहे. पुष्कळ ठिकाणी 40 मीटर लांबीची आणि सुमारे 970 टन वजनाची एकसंध तुळई उचलून दोन खांबांवर ठेवली जाते. सिमेंट व पोलाद यांच्या निर्मितीत जो कार्बन खर्ची पडला, तो पहिली गाडी धावण्यापूर्वीच वातावरणात गेलेला असतो. त्याची भरपाई किती वर्षांत होईल, हे प्रवासी किती व कोठून येतात यावर अवलंबून आहे. तेव्हा 'हरित' हे विशेषण या प्रकल्पाला आज लावणे म्हणजे पेरणीच्या दिवशीच उसाचे बिल मागण्यासारखे आहे.

पूर्वमंजुरीच्या कक्षेबाहेर

पर्यावरणीय आघात मूल्यांकनाविषयीची केंद्र शासनाची 2006 ची अधिसूचना महामार्ग, विमानतळ व बंदरे यांना पूर्वमंजुरी बंधनकारक करते. तिच्या परिशिष्टात रेल्वेचा अंतर्भाव नाही. साधी रेल्वे आणि शेकडो किलोमीटरचा उन्नत मार्ग यांत ही अधिसूचना भेद करीत नाही. वनजमीन, अभयारण्य व सागरी किनारा यांसंबंधीच्या स्वतंत्र परवानग्या घ्याव्या लागतात, हे खरे. पण संपूर्ण मार्गाचा एकत्र विचार करणारी व जाहीर सुनावणीने बांधलेली प्रक्रिया कायद्याने आवश्यक ठरत नाही. या प्रकल्पासाठी मूल्यांकन झाले, ते प्रामुख्याने 'जायका'च्या मार्गदर्शक तत्त्वांमुळे. भूमीच्या रक्षणाचा आग्रह भूमिपुत्रांच्या कायद्याने धरावयाचा, तो सावकाराच्या नियमावलीने धरला, ही विसंगती अभ्यासकांनी पुरेशी लक्षात घेतलेली नाही. सावकाराचा नियम सावकारापुरता असतो. उद्या हाच मार्ग स्वदेशी निधीतून पुढे नेला, तर तोही आधार उरत नाही.

पालघर जिल्ह्यात ही उणीव अधिक बोचते. पाचव्या अनुसूचीतील या प्रदेशात 1996 चा पेसा कायदा ग्रामसभेला भूसंपादनापूर्वी विचारविनिमयाचा अधिकार देतो. अनेक ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले. डहाणू तालुका तर 1991 पासून पर्यावरणीयदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून अधिसूचित आहे. तरीही जानेवारी 2024 मध्ये संपूर्ण मार्गाचे भूसंपादन पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. विक्रोळी येथील गोदरेज समूहाच्या सुमारे 10 एकर जमिनीसाठी 264 कोटी रुपये भरपाई ठरली आणि तो वाद उच्च न्यायालयात व सर्वोच्च न्यायालयात गाजला. वारली शेतकऱ्याच्या दोन-तीन एकरांचा वाद तितका गाजत नाही.

कांदळवन : संख्या आणि परिसंस्था

ठाणे खाडीचा प्रश्न मात्र वेगळ्या वाटेने गेला. खाडीच्या एका भागाला 2015 साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून दर्जा मिळाला आणि 2022 साली ती रामसर पाणथळांच्या यादीत आली. येथे मार्ग जमिनीखालून नेण्यात आला. वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा हा 21 किलोमीटरचा बोगदा असून त्यातील सुमारे 7 किलोमीटर खाडीखालून जातो. ठाणे स्थानकाच्या आराखड्यातही बदल झाला. बाधित होणाऱ्या तिवरांची संख्या सुमारे 53 हजारांवरून सुमारे 22 हजारांवर आली. हे श्रेय नियोजनकारांना दिलेच पाहिजे. पण ते देताना हेही ध्यानात घ्यावे की, कांदळवनाच्या नाशाला प्रतिबंध करणारा मुंबई उच्च न्यायालयाचा सप्टेंबर 2018 चा निर्णय त्यांच्यासमोर उभा होता. कायदा जेथे ठामपणे उभा राहिला, तेथे अभियांत्रिकीने पर्याय शोधला. जेथे कायदा गप्प बसला, तेथे पर्याय सापडला नाही. या एका उदाहरणातून जितके शिकता येते, तितके प्रकल्पाच्या अनेक पानी अहवालांतूनही शिकता येत नाही.

9 डिसेंबर 2022 रोजी उच्च न्यायालयाने उर्वरित तिवरे तोडण्यास सार्वजनिक हिताच्या आधारे परवानगी दिली. एका तिवरामागे पाच रोपे लावण्याचे प्रकल्पाने मान्य केले होते. हा पाचाचा गुणाकार ऐकावयास उदार वाटतो. शास्त्रीयदृष्ट्या तो कच्चा आहे. कांदळवन म्हणजे झाडांची बेरीज नव्हे. भरती-ओहोटीची लय, गाळाची पातळी, खारटपणा, माशांच्या पिलांचा आसरा आणि त्यावर जगणारा कोळी समाज हे सर्व मिळून ते घडते. शिवाय नवी रोपे लावावयाची कोठे? उघड्या चिखलपट्टीवर लावली, तर रोहित पक्ष्यांचे खाद्यक्षेत्रच आक्रसते. अन्यत्र लावली, तर ज्या खाडीची हानी झाली तिला काही परत मिळत नाही. लागवडीनंतर रोपे किती जगली, याची मोजणी तोडलेल्या झाडांइतक्याच काटेकोरपणे प्रसिद्ध व्हावयास हवी.

नागोयाचा धडा

ज्या देशाचे तंत्रज्ञान आपण घेतले, त्या देशाचा अनुभवही घ्यावयास हवा. तोकाइदो शिंकान्सेन 1 ऑक्टोबर 1964 रोजी सुरू झाली आणि जपानच्या अभिमानाचे प्रतीक बनली. पण नागोया शहरातील मार्गालगतच्या रहिवाशांना आवाज व कंपने असह्य झाली. 1974 साली त्यांनी रेल्वेविरुद्ध दावा दाखल केला. 1975 साली जपानने शिंकान्सेनसाठी ध्वनीची मानके ठरविली, निवासी भागासाठी 70 डेसिबल. दावा 1986 मध्ये तडजोडीने मिटला. म्हणजे मानके आली ती गाडी धावू लागल्यानंतर 11 वर्षांनी, आणि तीही लोक न्यायालयात गेल्यानंतर. आपल्याकडे उन्नत मार्गाच्या दोन्ही बाजूंस ध्वनिरोधक भिंती बसविल्या जात आहेत, ही आयात केलेली शहाणीव आहे. लोकांचे म्हणणे आधी ऐकण्याची शहाणीव मात्र आयात झालेली दिसत नाही.

पंचगंगेच्या खोऱ्यातून पाहताना

हा प्रश्न केवळ किनारपट्टीचा आहे, असे मानणे चुकीचे ठरेल. मुंबई–पुणे–हैदराबाद या सुमारे 711 किलोमीटरच्या मार्गाचा अभ्यासही राष्ट्रीय अतिवेगवान रेल्वे महामंडळाकडे सोपविण्यात आला आहे. दख्खनच्या पठारावर असे मार्ग येतील, तेव्हा त्यांना अनेक नद्या ओलांडाव्या लागतील. नदी ओलांडण्याची किंमत काय असते, हे हातकणंगले तालुक्याला ठाऊक आहे. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या महापुरांत पुणे–बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन बंद पडला. महामार्गाचा भराव पुराचे पाणी अडवितो, ही या परिसरातील जुनी तक्रार आहे. नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्गाला 2024 पासून जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी जो विरोध केला, त्यातही हा एक प्रमुख मुद्दा होता. या कसोटीवर खांबांवरचा रेल्वेमार्ग भरावाच्या रस्त्याहून सरस ठरतो, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. पाण्याला वाट मिळते, गुरांना व माणसांना खालून जाता येते, जमीनही कमी लागते. अधिक सिमेंट वापरणारी रचना पुराच्या दृष्टीने अधिक सुरक्षित असू शकते. कार्बनचा हिशेब आणि पाण्याचा हिशेब परस्परविरोधी उत्तरे देतात. 'शाश्वत' हा एकच शिक्का दोन्हींवर मारला, की हा विरोध दिसेनासा होतो आणि निवड कोणी व कशाच्या आधारे केली, हे विचारण्याची सोय राहत नाही.

याच तालुक्यात अग्रक्रमाचा प्रश्नही उभा आहे. कोल्हापूर–मिरज लोहमार्ग 1891 साली सुरू झाला. त्यावरील हातकणंगले स्थानकापासून इचलकरंजीपर्यंतच्या 8 किलोमीटरच्या नव्या मार्गाला रेल्वेच्या 2016-17 च्या अर्थसंकल्पात स्थान मिळाले. त्यानंतरच्याच वर्षी 508 किलोमीटरच्या मार्गाची पायाभरणी झाली. साध्या रेल्वेचे छोटे दुवे जोडल्याने रस्त्यावरची किती वाहने कमी होतील आणि दर कोटी रुपयांमागे किती कार्बन वाचेल, याची तुलना अतिवेगवान मार्गाशी करून पाहण्यास कोणतीही तांत्रिक अडचण नाही. इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगाराला व कापड व्यापाऱ्याला मात्र रेल्वे गाठण्यासाठी आजही रस्त्यानेच हातकणंगले स्थानकावर यावे लागते.