मार्लोचे कल्पित उत्तरायुष्य

क्रिस्तोफर मार्लो १५९३ साली डेप्टफर्ड येथे मारला गेलाच नाही. परदेशी दडून तो शेक्सपिअरच्या नावाने नाटके लिहीत राहिला, असे कॅल्व्हिन हॉफमन यांनी १९५५ साली ग्रंथरूपाने प्रतिपादिले. पुढील वर्षी टॉमस वॉल्सिंगहॅमचे थडगे हस्तलिखितांच्या आशेने उघडण्यात आले. आत वाळू निघाली. सिद्धान्त मात्र ढळला नाही! लेस्ली हॉटसन यांनी १९२५ साली उजेडात आणलेला मृत्युचौकशीचा अहवालही या पक्षास कारस्थानाचाच भाग वाटतो. कागद सापडला तर रचलेला, न सापडला तर दडविलेला. अशा चरित्राची परीक्षा करावी तरी कशी? हॉफमन यांनी उभय नाटककारांतील शब्दसाम्यांची जंत्री चिकाटीने केली आहे, ती अभ्यासकाने अवश्य पाहावी. शेक्सपिअरने मार्लो बारकाईने वाचला होता, एवढे तीवरून म्हणता येते.